पिटूची नळी

बाटली आली तेव्हा सूक्ष्मदर्शक विभागात वहिनी चिमट्यात भुंग्याचा पाय धरून उभी होती. इस्पितळाच्या माणसाने बर्फाचा डबा टेबलावर ठेवला, सही घेतली आणि निघून गेला. डब्यात बोटाएवढी काचेची बाटली होती. तिच्यात पिवळसर द्रव, आणि द्रवात सुतळीएवढ्या जाडीच्या दुधी नळीचा एक तुकडा. लेबलवर नाव नव्हतं. नुसता नंबर आणि खाली एक ओळ : मानेतला भाग, काढल्याबरोबर द्रवात टाकला आहे.

नाव नसलं तरी ती नळी कुणाची ते वहिनीला कळलं. आदल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर सासूबाईंचा हात धरून तीच बसली होती.

पिटू तिची नणंद. खरं नाव कागदोपत्री वेगळं होतं, पण घरात ती पिटूच. लहानपणी तिच्या डोक्यात पाणी साचायला लागलं होतं, तेव्हापासून एक बारीक नळी तिच्या कानामागून, मानेच्या कातडीखालून थेट पोटात गेलेली. डोक्यातलं जास्तीचं पाणी गुपचूप पोटात उतरायचं. पिटू तिला ‘माझं प्लंबिंग’ म्हणायची. चष्म्याच्या दुकानात काड्या आणि स्क्रू बसवण्याचं काम ती करायची आणि गिऱ्हाइकांशी इतकं बोलायची, की लोक चष्मा नीट असतानाही चक्कर टाकायचे.

गेल्या काही महिन्यांत तिचं डोकं दुखायला लागलं. एखादा आठवडा बरा जायचा, मग पुन्हा सुरू. तपासण्या झाल्या, फोटो झाले. नळी जागेवर आहे, पाणी वाहतंय, असंच दर वेळी निघायचं. वहिनीचा नवरा, म्हणजे पिटूचा दादा, शेवटी वैतागून म्हणाला होता, “सगळं तिच्या डोक्यात आहे.”

“अरे दादा, डोक्यातच आहे, म्हणून तर नळी घातलीये,” पिटू म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. मग तिला ताप आला, आणि हसणं थांबलं.

वहिनीने भुंग्याचा पाय झाकून ठेवला आणि बाटली घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

“सर, ही माझ्या नणंदेची आहे.”

सरांनी चष्म्यावरून आधी बाटलीकडे, मग तिच्याकडे पाहिलं. “हे करणारं दुसरं कोण आहे?”

“एकच आहे, आणि ती बाळंतपणाच्या रजेवर आहे.”

सर जरा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. “मग तयारी तुम्ही करा. बघणार मी, लिहिणार मी. आणि सर्जनबाईंना कळेपर्यंत घरी एक अक्षर नाही. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली. जमेल की नाही याची तिला खात्री नव्हती.

सर्जनबाईंनी घरच्यांना सगळं नीट समजावलं होतं. जुनी नळी काढली आहे आणि सध्या डोक्यातलं पाणी बाहेरच्या पिशवीत जातंय. जुन्या नळीत जंतूंनी घर केलं असेल, तर नवी नळी इतक्यात घालता येणार नाही, तीही नासेल. मग कित्येक आठवडे औषधं आणि पिशवी. आणि पिशवी जितकी जास्त दिवस, तितका बाहेरून जंतू आत शिरण्याचा धोका. जंतू नसतील, तर याच आठवड्यात नवी नळी. “जंतू उगवतात का ते पाहिलं, प्रयोगशाळेत काही वाढलेलं नाही,” बाई म्हणाल्या होत्या, “पण जंतूंवरचं औषध आधीच सुरू झालं होतं, त्यामुळे या ‘काही नाही’वर माझा पुरता भरवसा नाही. मला ती नळी डोळ्यांनी बघायची आहे.”

डोळ्यांनी बघायची म्हणजे काय, ते वहिनीइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नळी जाणार होती, त्याच्या पोटात हवाही नसते. ओली वस्तू तिथे ठेवता येत नाही. म्हणून आधी वाळवायची. आणि नुसती वाळू दिली, तर द्राक्षाचा बेदाणा होतो तसं पेशींचं होतं; सुरकुततात, फाटतात, नळीवरून सुटून निघतात. मग तिथे आधी काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. वहिनीची नोकरी म्हणजे हेच : ओल्याचं कोरडं करायचं, पण त्याला ते कळू द्यायचं नाही. फुलांचे पराग, माशांचे खवले, उंदराच्या कानातला पडदा, सगळं तिने केलं होतं. ते बिघडलं तर दुसरं आणता यायचं. हे बिघडलं तर दुसरं नव्हतं. बाकीची नळी तुकडे करून दुसऱ्या तपासण्यांना गेली होती.

आतली बाजू दिसायची तर नळी उभी चिरायला हवी. तिने नवं पातं काढलं, मेणाच्या थाळीत थोडा द्रव घेतला, भिंगाखाली तुकडा ठेवला. नळी निसरडी होती, चिमट्यातून निसटून पुन्हा पुन्हा गोल फिरायची. वहिनीने श्वास रोखला आणि पातं टेकवलं. निम्म्यावर आली आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन गुरगुरला. थाळी बारीकशी थरथरली.

हात हलला का? तिला वाटलं, नाही. मग वाटलं, किंचित.

नवऱ्याचा फोन होता. तिने उरलेलं कापून पूर्ण केलं, दोन्ही तुकडे बाटलीत सोडले, मगच फोन घेतला.

“आली का नळी तुमच्याकडे?”

“मला काही सांगता येणार नाही.”

“म्हणजे आली. काही दिसतंय?”

“अरे, हे काय भिंगातून बघून सांगायचं आहे का? उद्याशिवाय काही नाही. आणि कामात असताना फोन करू नकोस, हात जोडते.”

तो हळूच म्हणाला, “आई विचारतेय.” तिला ठाऊक होतं, आई एकटी विचारत नव्हती.

दुपारभर ती विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटापुढे उभी होती. ऑस्मियमच्या द्रावणाची वाफ डोळ्यांना फार वाईट, म्हणून काच खाली ओढून, दुहेरी हातमोजे घालून. त्या द्रवात पेशींचे पापुद्रे काळे पडतात आणि टणक होतात. नळीचे तुकडे बाहेर आले तेव्हा आतल्या बाजूला करड्या रंगाचा पातळ थर दिसत होता. काहीतरी होतं तर. जंतूही असेच दिसतात, नुसत्या डोळ्यांना. शरीराच्या स्वतःच्या पेशीही अशाच दिसतात. मग तिने तुकड्यांतलं पाणी काढायला अल्कोहोल घेतलं. आधी पाणी जास्त नि अल्कोहोल कमी, मग हळूहळू उलटं. प्रत्येक वेळी जुना द्रव काढताना तळाशी थोडा राखायचा, कारण निमिषभरही तुकडा उघडा पडता कामा नये. हे ती झोपेत करू शकली असती. आज मात्र दर खेपेला वाकून तळ बघत होती.

संध्याकाळी तुकडे अल्कोहोलमध्ये झाकून ठेवून ती घरी गेली. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“तोंडावरून कळतं मला,” त्या म्हणाल्या. “काहीतरी वाईट आहे.”

“आई, मलाच अजून काही माहीत नाही. खरंच.”

“मग तोंड असं का उतरलंय?”

“दिवसभर उभी होते म्हणून.”

सासूबाई आत वळल्या. इस्पितळात न्यायच्या पिशवीत त्या पिटूचे मोजे पुन्हा पुन्हा घड्या घालून ठेवत होत्या. नवरा खिडकीशी उभा होता. जेवताना तो अचानक म्हणाला, “मी म्हणालो होतो, तिच्या डोक्यात आहे म्हणून. तिने गंमत केली, पण तिला लागलं असणार.”

“आत्ता ते काढू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “आधी ती घरी येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी वहिनीने ड्रायर गार करायला लावला. हे यंत्र म्हणजे जाड पोलादी डबी, तिला एक जाड काचेची खिडकी. आतल्या अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग डबी तापवायची. दाब वाढत वाढत अशा ठिकाणी येतो, की द्रव आणि वायू यांच्यातला फरकच मिटतो. पृष्ठभाग नाही, ओढ नाही, म्हणून पेशी सुरकुतत नाहीत. मग वायू सोडायचा. तो सावकाश सोडायचा, इथेच सगळी मेख. रबरासारख्या नळीच्या अंगात हा वायू मुरून बसतो. घाईने सोडला तर आतून फुगून नळीच तडकते.

तिने झडप किंचित फिरवली. सूऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला. काटा उतरू लागला. ती स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहिली. निम्मा उतरला असेल नसेल, झडप जुनी, मधेच अडकली. ती जराशी सोडवायला गेली, तर झडप एकदम मोकळी झाली आणि फस्स करून काटा घसरला.

वहिनीने झडप आवळली. काटा थांबला. किती घसरला? थोडाच. पण थोडा म्हणजे किती चालतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. काचेतून जाळीच्या टोपलीतले तुकडे दिसत होते, पांढरट, निमूट. फुटले असते तर कळलं असतं का? इतक्या दुरून नाही.

उरलेला वायू तिने इतका हळू सोडला, की सर दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या वेळी तिने सांगून टाकलं, “सर, झडप अडकली होती. दाब एकदम खाली आला, थोडासा. आणि काल चिरतानाही हात हलला असावा. मला नक्की सांगता येत नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात रागही नव्हता आणि दिलासाही नव्हता, त्यामुळे तिला जास्तच धास्ती वाटली.

तुकडे धातूच्या छोट्या चकत्यांवर काळ्या चिकटपट्टीने बसवले. मग सोन्याचा मुलामा. डबीत जांभळा उजेड पडला आणि तुकड्यांवर करडी झाक आली. चकत्या सूक्ष्मदर्शकात गेल्या, पंप घुरघुरला, आणि सर पडद्यासमोर बसले. वहिनी मागे उभी राहिली. ‘बसा’ म्हणाले, तरी बसली नाही.

पडद्यावर आधी नळीची कड आली, कड्यासारखी. मग आतला थर. सर चित्र मोठं करत गेले. चपट्या, ताणलेल्या पेशी एकमेकींत बोटं गुंतवून पसरल्या होत्या, चादरीसारख्या. सुरकुती नाही. फाटणं नाही. मधूनमधून रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्या.

“तयारी उत्तम झालीये,” सर म्हणाले.

“जंतू?”

“थांबा.”

एका कोपऱ्यात गोल गोल दाणे दिसले. वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. सरांनी मोठं करून पाहिलं. दाण्यांना कोपरे होते; मिठाचे खडे, धुण्याच्या द्रवातले. सर पुढे गेले. पहिला तुकडा संपला, दुसरा संपत आला. जंतूंचं जाळं कुठेही नव्हतं.

आणि मग भेग आली.

नळीच्या भिंतीत, आरपार, केसासारखी. भिंगातून ती दिसलीच नसती. सरांनी हात थांबवला.

“हे पात्याचं आहे का?” त्यांनी विचारलं.

“मला माहीत नाही, सर.”

“की ड्रायरमध्ये तडकलं?”

“तेही माहीत नाही. असं झालं असेल तर माझ्यामुळे झालं.”

याचा अर्थ दोघांनाही कळत होता. भेग पिटूच्या मानेतच पडली असेल, तर महिनोन्महिन्यांच्या डोकेदुखीचं कारण सापडलं. पाणी पोटात जायच्या ऐवजी मान हलेल तसं मधेच झिरपत होतं, कधी जास्त, कधी कमी. आणि भेग काल किंवा आज या खोलीत पडली असेल, तर तिला काहीच अर्थ नव्हता. चुकून एक शब्द लिहिला, तर सर्जनबाई भलत्याच वाटेने जाणार होत्या.

“आधी पात्याची कड दाखवा,” सर म्हणाले. “जिथे तुम्ही चिरलंत, तिथली.”

तिने जागा सांगितली. पडद्यावर कापलेली भिंत आली, गुळगुळीत, कोरी. पेशींची चादर काठावर येऊन फाटली होती, धागे लोंबत होते. अलीकडे चादर, पलीकडे उघडी भिंत. नुकतं कापलं की असंच दिसणार.

“आता भेग. मी चकती तिरकी करतो.”

चित्र कलंडलं. भेगेचा काठ वर आला आणि आतली भिंत दिसू लागली. वहिनी नकळत पुढे झाली, सरांच्या खांद्यावरून वाकली. पेशींची चादर काठावर थांबली नव्हती. ती काठावरून वळून खाली उतरली होती. भेगेच्या आतल्या भिंतीला चिकटून, पेशीला पेशी लागून, थेट खोल. एक लांब पेशी तर भेगेच्या दोन्ही काठांना धरून पुलासारखी बसली होती, ताणलेली पण अखंड.

सर म्हणाले, “पेशी काही काल रात्री आपल्या बाटलीत वाढलेल्या नाहीत.”

“नाही, सर. त्या तर बाटलीतल्या द्रवाने पडताक्षणीच मेल्या.”

“म्हणजे भेग आधीची. बरीच आधीची.” ते खुर्चीत मागे टेकले. “आता तरी बसा हो.”

ती बसली.

सरांनी लिहिलं ते अगदी मोजकं होतं. तपासलेल्या तुकड्यांत जंतू दिसले नाहीत. न तपासलेल्या भागाबद्दल सांगता येत नाही. भिंतीत भेग आहे, आणि तिच्यावर पेशी वाढलेल्या असल्याने ती शरीरात असतानाचीच आहे. “ ‘जंतू नाहीतच’ असं लिहा ना, सर,” हे वहिनीच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

सर्जनबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि चित्रं मागवून घेतली. संध्याकाळी त्यांनी घरच्यांना बोलावलं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणीही स्वच्छ आली होती. “सगळं जुळतंय,” त्या म्हणाल्या. “फोटोत पाणी वाहताना दिसायचं, कारण वाहत होतंच, नुसतं सगळं पोटात पोचत नव्हतं. उद्या नवी नळी घालूया, मानेच्या दुसऱ्या बाजूने.”

“आणि ताप?” नवऱ्याने विचारलं.

“तो कशाने आला ते मला अजून माहीत नाही. लक्ष ठेवू.”

हे ‘माहीत नाही’ सगळ्यांच्या बरोबर घरी आलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना वहिनीच्या मनात एकच घोळत होतं : तिसरा तुकडा असता तर? न पाहिलेल्या नळीत कुठेतरी ते गोल दाणे, कोपरे नसलेले, असते तर? बाकावर सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. नवरा पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. दार उघडलं तेव्हा तो नेमका लांबच्या टोकाला होता आणि धावत आला.

“झालं व्यवस्थित,” सर्जनबाई म्हणाल्या.

ताप पुन्हा आला नाही. कशाने आला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काही दिवसांनी पिटू उशांना टेकून बसली होती. अर्धं डोकं भादरलेलं आणि त्यावरून तिचं अखंड भांडण चालू होतं, की निम्मंच का कापलं, एवढं होतं तर सगळंच कापायचं. कितीतरी दिवसांनी ती आडवी न होता दुपारभर बोलत होती. सर्जनबाईंनी परवानगी दिल्यावर वहिनीने तिला भेगेचं चित्र दाखवलं. पिटूने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“हे माझ्या मानेत होतं?”

“हो.”

“आणि हे जे कोळ्याच्या जाळ्यासारखं आहे ते?”

“त्या तुझ्याच पेशी. भेग बुजवायला बघत होत्या.”

“बिचाऱ्या,” पिटू म्हणाली आणि चित्र दादाच्या हातात दिलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग काही न बोलता खाली कँटीनमध्ये गेला आणि तिथे जे जे मिळत होतं ते सगळं घेऊन वर आला. चौघांना पुरून उरेल इतकं. पिटूने डबे उघडून पाहिले.

“दादा, मला टाके घातलेत, उपाशी नव्हतं ठेवलं.”

तो हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो पाण्याची बाटली शोधायला वळला.

खाता खाता पिटूचा हात एकदम मानेकडे गेला. सासूबाईंचा घास थांबला. दादा बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. वहिनी खुर्चीवरून अर्धवट उठली.

पिटूने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“खाज येतेय,” ती म्हणाली. “टाके आहेत. जेवा.”